मेल्या म्हशीला मणभर दूध

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. मला तर वाटते, मोल असते ते हौसेलाच. गरजेला नुसता भाव असतो आणि तोही बहुधा पडलेला. ज्याने एकदा तरी बाजार समितीत कांद्याची पट्टी हातात घेऊन हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता काय उरले याचा हिशोब केला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हा विचार मनात येण्याचे कारण एक बातमी. ऑगस्ट 2018 मध्ये अमेरिकेत मॉन्टेरे येथे एक जुनी मोटार लिलावात विकली गेली. इटलीच्या फेरारी कंपनीची, 1962 सालची, नाव 250 जीटीओ. किंमत 4 कोटी 84 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे 340 कोटी रुपये! वजन पाहावे तर जेमतेम टनभर. भंगारवाल्याच्या काट्यावर घातली तर लाखभर रुपये हाती येणेही कठीण. बरे, गाडी सोयीची म्हणावी, तर तिच्यात वेग दाखवणारा काटासुद्धा नाही. शर्यतीच्या गाडीला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा पुरे, असा तो रोखठोक कारभार. मग 340 कोटी कशाचे?

वाचकहो, शिरूर तालुक्यातील मुलीने फेरारीवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु फेरारी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना उभा राहिला तेव्हा फेरारी फियाटच्याच घरात नांदत होती. 1969 साली फियाटने तिच्यात निम्मा हिस्सा घेतला, 1988 साली तो 90 टक्क्यांवर नेला, आणि 2016 च्या सुरुवातीला ही लेक वेगळी निघाली. महागणपतीच्या दर्शनाला जाताना आपण ज्या कारखान्यावरून जातो, तो असा नात्याने फेरारीचा भाऊबंद. त्या कारखान्यात 2017 पासून जीप कंपास गाडी होते. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. ती विकत घेऊन रस्त्यावर आणली की पहिल्याच दिवशी तिची किंमत उतरते. आणि तिच्या साठ वर्षांच्या म्हाताऱ्या आतेबहिणीची मात्र वाढते!

'दुर्मीळ म्हणून महाग' हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ते शिकतोही. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये पाणी आणि हिरा यांचे कोडे घातले. पुढे रिकार्डोने 1817 मध्ये वस्तूचे मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमावर ठरते असे मांडताना काही वस्तू मुद्दाम बाजूला काढल्या: दुर्मीळ पुतळे, चित्रे, जुनी पुस्तके, नाणी. कितीही श्रम केले तरी ह्या वस्तूंची संख्या वाढवता येत नाही. म्हणून त्यांची किंमत केवळ त्यांच्या दुर्मीळपणावर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर व इच्छेवर ठरते, असे त्याचे म्हणणे. रिकार्डोच्या काळी मोटारी नव्हत्या, नाहीतर जीटीओ त्या यादीत नक्की बसली असती. 1962 ते 1964 या काळात ती फक्त 36 बनली. नियमाप्रमाणे त्या प्रकारच्या शर्यतीसाठी शंभर गाड्या बनवायला हव्या होत्या. कंपनीने सांगितले, ही नवी गाडी नाहीच, आमच्या जुन्या गाडीलाच थोडा फेरफार केला आहे! ते चालून गेले. (पळवाटा काढण्यात आपलेच लोक हुशार, असे समजू नये.)

पण नुसता दुर्मीळपणा पुरत नाही, हे मला ठामपणे म्हणायचे आहे. मुंबईतली काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. 2001 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता ती दुर्मीळ होत चालली आहे. लोक हळहळले, फोटो काढले, पण कोणी कोटी मोजले नाहीत. आमच्या घरी माळ्यावर आजोबांची मोट पडली आहे. तशी मोट आता गावात दुसरी नाही. तिला गिऱ्हाईक कोण? वस्तू कमी असणे ही एक गोष्ट, आणि ती कमी आहे म्हणून चार श्रीमंत माणसे एकमेकांवर चढाओढ करणे ही दुसरी.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ह्याच जीटीओला एके काळी कुत्रे विचारीत नव्हते. नवी असताना अमेरिकेत ती सुमारे 18 हजार डॉलरला मिळे. दोनतीन वर्षांत तिच्याहून वेगवान गाड्या आल्या आणि ती जुनी शर्यतीची गाडी, म्हणजे ना शर्यतीला उपयोगी ना बाजारहाटाला, अशी होऊन बसली. टेक्सासमध्ये व्हिक्टोरिया नावाचे गाव आहे. तिथल्या एका धनिकाने आपली जीटीओ गावच्या हायस्कूलला देऊन टाकली, मुलांना मोटारदुरुस्ती शिकायला! शाळेने ती 1972 साली साडेसहा हजार डॉलरला विकली. घेणाऱ्याने ओहायो राज्यात नेऊन ट्रेलरवर ठेवली आणि ती तिथे वर्षानुवर्षे उघड्या शेतात ऊनपाऊस खात उभी राहिली. आपल्याकडे बांधावर जुना ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो, तशीच. लोखंड तेच, इंजिन तेच, जिंकलेल्या शर्यती त्याच. मग शेतात उभी होती तेव्हा ती साडेसहा हजारांची, आणि आज तिच्या बहिणी 340 कोटींच्या, हा फरक कोणी घातला?

ह्याचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी मामाच्या गोठ्यात मिळाले. आमचे घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. ऊस आणि कांदा. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि रोजचे येणेजाणे परवडत नाही म्हणून शिरूर तालुक्यात मामाकडे राहून शिकते. मामाला गाड्याचा नाद. बैलगाडा शर्यत काय असते हे ह्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढेच की, पुणे जिल्ह्याच्या ह्या उत्तर भागात गाड्याला चार बैल जुंपतात, पुढे घोडी पळते, आणि चढाचा घाट दहाबारा सेकंदांत पार होतो. चार बैल बहुधा वेगवेगळ्या घरचे. सर्वांत कमी वेळात आला तो घाटाचा राजा. बकासुर हे बैलाचे नाव पुणे, सातारा, सांगली भागातल्या पाचवीच्या पोराला विचारा, तो तुम्हाला त्याच्या शर्यती मोजून दाखवील. मुख्यमंत्र्यांचे नाव विचारू नका!

मामाच्या लक्ष्याला गेल्या वर्षी एका पार्टीने 11 लाख रुपये देऊ केले. नांगराच्या बैलाची किंमत त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मामाने तो दिला नाही. मामी दोन दिवस बोलली नाही, कारण सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते आणि लक्ष्याची अंडी, दूध, उडदाची डाळ, पेंड सगळे तिच्याच हातून जाते. मी मामाला विचारले, "मामा, अकरा लाख कशाचे रे देत होते? वजनाचे?" मामा म्हणाला, "येडी का काय तू? वजनाचा बैल बाजारात मिळतो. ह्याच्या नावाचे देत होते. घाटात भोंग्यावर ह्याचं नाव पुकारलं की लोक उठून उभे राहतात. ते उठून उभं राहणं इकत घ्यायचंय त्यांना."

व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर आख्खे पुस्तक लिहिले. मामाने ते एका वाक्यात सांगितले. नाव विकले जाते. जीटीओ घेणारा लोखंड घेत नाही. जगात छत्तीसच माणसे ज्या पंक्तीला बसू शकतात त्या पंक्तीचे पान तो विकत घेतो. 2018 ला विकलेल्या गाडीच्या नावावर 1962 चे इटलीचे जीटी अजिंक्यपद आहे. 2019 मध्ये तर इटलीतील बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओच्या आकाराला कलाकृती म्हणून संरक्षण दिले. म्हणजे ज्या पत्र्यावर कारागिरांनी हातोडीने ठोके घातले, तो आता चित्रकाराच्या चित्राशेजारी जाऊन बसला!

परंतु इथेच बैल आणि मोटार यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मला जे सांगायचे आहे ते ह्या फाट्यावर आहे.

बैलाची किंमत शर्यत चालू असेपर्यंत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी रोखून धरली, आणि थेट 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वाट मोकळी केली. 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षे गेली. मामाचा आधीचा बैल, ज्याने म्हणे तीन घाट गाजवले होते, त्या साडेसात वर्षांत दावणीला बसून म्हातारा झाला. त्याला कोणी लाख सोडा, हजारही विचारले नाहीत. शर्यत थांबली आणि त्याचे मोल मातीत गेले. जीटीओचे उलट झाले. तिची शर्यत संपली, ती हरू शकेनाशी झाली, आणि मग तिचा भाव चढू लागला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असे.

कोणी म्हणेल, बैल मरतो आणि मोटार टिकते, एवढाच हा फरक. खरे आहे, आणि आणखी एक फरक आहे, तोही झाकून ठेवू नये. मोटारीला चाबूक लागत नाही. बैलाला लागतो. बंदी उगाच आली नव्हती. आजच्या नियमांत काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई आहे, आणि ती जिथे पाळली जात नाही तिथे बंदी मागणाऱ्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मामाला ते आवडत नाही. असो.

तरी केवळ टिकणे हे कारण मला पुरेसे वाटत नाही. आमची मोटही टिकलीच आहे. जीटीओ टिकली ती कागदासकट. प्रत्येक गाडीला चासीवर ठोकलेला क्रमांक. तो क्रमांक धरून गाडी कोणाला विकली, कोणत्या तारखेला कोणत्या शर्यतीत उतरली, कोण चालवत होता, कितवी आली, कुठे ठोकर खाल्ली, इंजिन कधी बदलले, हे सारे लिहिलेले. त्याच कंपनीच्या साध्या गाडीचे अंग काढून हुबेहूब जीटीओ करणारे कारागीरही आहेत. डोळ्यांना फरक कळत नाही, चालवताना फारसा कळत नाही. किमतीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर. ते अंतर ज्याचे आहे, तो केवळ कागद! शेतात सडणारी ती टेक्सासची गाडी कोणीही भंगारात घातली नाही आणि पुढे तिचे दिवस फिरले, याचे कारण तिचा क्रमांक आणि त्या क्रमांकामागची हकीकत माहीत असणारी माणसे तिला शोधत राहिली होती.

याहून मोठा दाखला मर्सिडीजचा. मे 2022 मध्ये जर्मनीत स्टुटगार्ट येथे मर्सिडीज कंपनीने स्वतःच्याच संग्रहातील एक 300 एसएलआर कूपे गाडी विकली, साडेतेरा कोटी युरोंना. म्हणजे सुमारे 1,100 कोटी रुपये. मोटारीला लिलावात आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. अशा गाड्या दोनच. आणि गंमत अशी, की ही गाडी एकही शर्यत धावलेली नाही! 1955 च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये ल मां येथील शर्यतीत मर्सिडीजचीच एक गाडी प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या वर्षाअखेर मर्सिडीज शर्यतीतून बाहेर पडली आणि पुढच्या हंगामासाठी तयार होत असलेल्या ह्या दोन गाड्यांना धावायचे मैदानच उरले नाही. उलेनहाउट नावाचा कंपनीचा अभियंता त्यातली एक घेऊन रस्त्याने फिरत असे, म्हणून तिला त्याचेच नाव पडले. न धावलेल्या गाडीला धावलेल्यांपेक्षा जास्त पैसे मिळाले, कारण ती का धावली नाही याची हकीकत लिहिलेली होती. विक्रीच्या पैशातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी कंपनीने निधी उभारला. म्हणजे हौसेतून विद्येला काही आले. हे आपल्या बाजूचे म्हणायचे.

हे भाव फुगवलेलेही असतात, हे मला मान्य आहे. 1989 च्या सुमारास जपानी पैशाच्या तेजीत जीटीओ सव्वा कोटी डॉलरच्याही पुढे गेली होती. तेजी फुटली आणि काही वर्षांतच ती त्याच्या चौथाईवर आली. पैसा कुठे ठेवावा हे न कळणाऱ्यांचे ते सोने आहे. आणि ज्या वस्तूला विकायचेच नाही तिला किंमतच नसते, हेही खरे. कोल्हापूरला शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते. तिची किंमत काय असेल यावर गर्दीत पैजा लागत असतील, पण तिच्यावर बोली कोण लावणार? माणसे ती पाहायला येतात आणि पाहून घरी जातात.

आता कांद्याकडे येते. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती 4 मे 2024 पर्यंत होती. त्या हंगामात आमच्या वडिलांनी कांदा दिला त्याच्या आकड्याने हे पान कशाला खराब करू? उसाला 2024-25 च्या हंगामात रास्त व किफायतशीर दर क्विंटलला 340 रुपये ठरला. तिकडे 340 कोटी, इकडे 340 रुपये. आकडा मात्र एकच, हा योगायोग मला काही केल्या विसरता येत नाही. कांद्याला क्रमांक नाही, हकीकत नाही. गोणीतला कोणता कांदा कोणाच्या वावरातला हे आडतीवर गेल्यावर त्याच्या बापालाही सांगता येणार नाही. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, त्याला हेही एक कारण. फेरारीची वंशावळ लिहिणारे जग आमच्या कांद्याची लिहील असे मी म्हणत नाही; रोज खायच्या वस्तूला नाव चिकटवून ती महाग करावी, असेही मला वाटत नाही. कांदा स्वस्तच असावा, फक्त पिकवणाऱ्याला मारून नव्हे. त्याचा इलाज दुसरा आहे आणि त्यावर अर्थशास्त्र मंडळात आम्ही भांडतोच.

पण बैलाचे तसे नाही. लक्ष्याला नाव आहे. लेखी काहीच नाही. मामाचा आधीचा बैल तीन घाटांत पहिला आला होता म्हणतात. कोणत्या साली? कोणत्या यात्रेला? किती सेकंदांत? मामा एक सांगतो, त्याचा जोडीदार दुसरे सांगतो, आणि ढाल कपाटावर आहे तिच्यावरचे अक्षर पुसून गेले आहे. बैलाचे वय दातावरून, कूळ विकणाऱ्याच्या तोंडावरून. माणदेशातून खोंड आणला एवढे सांगतात. कोणत्या गाईचा, ते नाही. ज्या घरात लिहिता येणारे माणूसच नव्हते तिथे हे असेच असणार. साडेसात वर्षांची बंदी आली तेव्हा त्या बैलाजवळ काही उरले नाही, याचे दुःख मामाला आहे. आणि ते पैशाचे नाही, हे त्याच्याकडे पाहून कळते.

म्हणून दिवाळीनंतर मी एक वही घातली आहे. दोनशे पानी, साधी. तिच्यात लक्ष्याच्या प्रत्येक बारीची तारीख, गाव, यात्रा, सोबतचे बैल, घोडी आणि सेकंद. शेवटचा रकाना 'सांभाळ' म्हणून आहे आणि तिथे मामीचे नाव असते. मामा म्हणाला, "ते कशाला? गिऱ्हाईक ते बघत नसतंय." मामी काही बोलली नाही, पण वही आता तिच्या पेटीत असते आणि घाटावरून आले की तीच मला आठवण करते. लक्ष्या 11 लाखांचा आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या वेळी पार्टी आली तर तिच्यापुढे ठेवायला काहीतरी असेल, आणि नाही विकला तरी असेल.

आतापर्यंत त्या वहीत तेरा बाऱ्या आल्या आहेत. 2014 पूर्वीचे मात्र जवळजवळ काही नाही. ह्या महाविद्यालयात शिरूर, दौंड, आंबेगाव, खेडकडून येणारी मुले-मुली आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या शर्यतींची हँडबिले, टोकनाच्या पावत्या, निकालाचे कागद किंवा मागे तारीख लिहिलेले फोटो असतील, त्यांनी ते फेकून देण्यापूर्वी मला दाखवावेत. शनिवार सोडून रोज दुपारी एकनंतर मी ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर असते. कागद घरी नेणार नाही. तिथेच उतरून घेऊन परत देईन.